लिसा मर्काउस्की: निवडणुकांचा इतिहास आणि सिनेटमधली मतनोंद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अलास्काच्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्काउस्की डिसेंबर २००२ पासून अमेरिकेच्या सिनेटमध्ये आहेत. त्यांनी कुठलंही मोठं मत दिलं की एक बाजू त्यांना "नावापुरती रिपब्लिकन" म्हणते आणि दुसरी "ऐन वेळी कच खाणारी" म्हणते. दोन्ही शिक्के वरवरचे आहेत. त्या निवडून कशा येतात हे आधी समजून घेतलं, तर त्यांच्या मतांची संगती बऱ्यापैकी लागते. म्हणून आधी निवडणुका पाहू, मग मतनोंद.

त्या सिनेटमध्ये पहिल्यांदा निवडून आल्या तरी कधी?

२००४ साली. त्याआधीची दोन वर्षं त्या नेमणुकीवर होत्या, आणि ही नेमणूक त्यांच्या वडिलांनीच केली होती. फ्रँक मर्काउस्की १९८१ पासून सिनेटर होते. नोव्हेंबर २००२ मध्ये ते अलास्काचे गव्हर्नर म्हणून निवडून आले, त्यामुळे त्यांची सिनेटमधली जागा रिकामी झाली. ती भरण्याचा अधिकार गव्हर्नरकडे, म्हणजे त्यांच्याकडेच होता. त्यांनी २० डिसेंबर २००२ रोजी मुलीची नेमणूक केली.

लिसा त्या वेळी अगदीच नवख्या नव्हत्या. १९९८ मध्ये त्या राज्याच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आल्या होत्या. मात्र २००२ ची स्वतःच्या मतदारसंघातली प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक) त्यांनी अवघ्या ५७ मतांनी काढली होती. घराणेशाहीचा आरोप लोकांच्या मनात घर करून राहिला. २००४ मध्ये मतदारांनी जनमत घेऊन सिनेटच्या रिकाम्या जागेवर नेमणूक करण्याचा गव्हर्नरचा अधिकारच काढून घेतला. २००६ च्या प्रायमरीत फ्रँक मर्काउस्की तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. पहिल्या आल्या सॅरा पेलिन.

आतापर्यंतचे निकाल एका ठिकाणी मिळतील का?

टक्केवारी एका दशांशापर्यंत दिली आहे.

२००४: मर्काउस्की ४८.६, माजी गव्हर्नर टोनी नोल्स (डेमोक्रॅट) ४५.५.
२०१०: मर्काउस्की (नाव लिहून मिळालेली मतं) ३९.५, जो मिलर (रिपब्लिकन) ३५.५, स्कॉट मॅकॲडम्स (डेमोक्रॅट) २३.५.
२०१६: मर्काउस्की ४४.४, जो मिलर (या वेळी लिबर्टेरियन पक्षाकडून) २९.२, मार्गारेट स्टॉक (अपक्ष) १३.२, रे मेटकाफ (डेमोक्रॅट) ११.६.
२०२२: पहिल्या पसंतीची मतं मर्काउस्की ४३.४, केली शिबाका (रिपब्लिकन) ४२.६, पॅट चेस्ब्रो (डेमोक्रॅट) १०.४. शेवटच्या फेरीत मर्काउस्की ५३.७, शिबाका ४६.३.

पहिल्या तिन्ही विजयांत त्या पन्नास टक्क्यांच्या खालीच आहेत. अर्ध्यापेक्षा जास्त मतं त्यांना पहिल्यांदा २०२२ मध्ये मिळाली, तीही दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मतं जमेस धरल्यावर. म्हणजे त्यांचा विजय एकट्या रिपब्लिकन गठ्ठा मतांवर उभा नाही. मध्यममार्गी रिपब्लिकन, कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेले मतदार, अलास्काचे मूलनिवासी आणि थोडे डेमोक्रॅट अशी ती मोट आहे. अलास्कात निम्म्याहून जास्त मतदारांनी कुठल्याही पक्षाकडे नोंदणी केलेली नाही, हेही ध्यानात घ्यावं.

२०१० मध्ये त्या प्रायमरी हरल्या होत्या ना? मग जिंकल्या कशा?

हरल्याच होत्या. २४ ऑगस्ट २०१० च्या रिपब्लिकन प्रायमरीत टी पार्टी (रिपब्लिकनांमधली कट्टर उजवी चळवळ) आणि पेलिन यांच्या पाठिंब्यावर उभे राहिलेले जो मिलर सुमारे दोन हजार मतांनी पुढे गेले. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताआधी पालकांना कळवण्याचा प्रस्ताव त्याच दिवशी मतदानाला होता. त्यामुळे कट्टर पुराणमतवादी मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले. मर्काउस्की बेसावध राहिल्या, हेही खरं.

प्रायमरी हरल्यावर मतपत्रिकेवर नाव छापून येण्याचा मार्ग बंद झाला. उरला एकच मार्ग, राईट-इन. मतपत्रिकेवर छापील नावांच्या खाली एक कोरी ओळ असते. मतदाराने तिच्यापुढचा लंबगोल काळा करायचा आणि ओळीवर स्वतःच्या हाताने उमेदवाराचं नाव लिहायचं. लंबगोल काळा करायचा राहिला तर नुसत्या नावाला कायद्याने किंमत नाही. त्यांनी १७ सप्टेंबरला उमेदवारी जाहीर केली, तेव्हा मतदानाला सात आठवडेही उरले नव्हते.

अशा प्रचारात "मला मत द्या" एवढं सांगून भागत नाही. मत कसं द्यायचं हे शिकवावं लागतं, आणि आडनाव मर्काउस्की असेल तर जास्तच. नाव छापलेल्या मनगटपट्ट्या वाटल्या गेल्या आणि स्पेलिंग शिकवणाऱ्या जाहिराती चालल्या. निवडणूक विभागाने राईट-इन उमेदवारांची यादी केंद्रावर ठेवायचं ठरवलं, तेव्हा विरोधक कोर्टात गेले. यादीला परवानगी मिळाल्यावर एका रेडिओ निवेदकाच्या चिथावणीवरून शंभराहून अधिक लोकांनी राईट-इन उमेदवार म्हणून नावं नोंदवली. हेतू एकच होता: यादी लांबवायची आणि त्यांचं नाव सापडू द्यायचं नाही.

अलास्का फेडरेशन ऑफ नेटिव्ह्ज ही मूलनिवासींची संघटना उघडपणे त्यांच्या मागे उभी राहिली. मूलनिवासी कंपन्यांचा पैसाही आला. पक्ष मिलरच्या बाजूने असताना ही रसद निर्णायक ठरली. राईट-इन पद्धतीने सिनेटची निवडणूक जिंकण्याचा प्रकार त्याआधी १९५४ मध्ये घडला होता, दक्षिण कॅरोलिनात स्ट्रॉम थरमंड यांच्या बाबतीत.

स्पेलिंग चुकलेली मतं बाद का झाली नाहीत?

राईट-इनची मतं यंत्र मोजू शकत नाही. यंत्र फक्त लंबगोल काळा झालाय का ते सांगतं, कोणाचं नाव आहे ते माणसाने वाचायचं. राज्याच्या राजधानीत, जुनोमध्ये, प्रत्येक मतपत्रिका टेबलावर आली आणि मिलर यांच्या माणसांनी अक्षरागणिक हरकती घेतल्या. शेवटी आय ऐवजी वाय, मधलं डब्ल्यू गायब, असं काहीही. हरकत घेतलेली, तरी मर्काउस्कींच्या खात्यात धरलेली मतं आठ हजारांहून अधिक होती.

मिलर यांचं म्हणणं होतं की कायद्यात "घोषणापत्रात असल्याप्रमाणे" नाव हवं असं लिहिलंय, तेव्हा एक अक्षर चुकलं तरी मत बाद. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ डिसेंबर २०१० रोजी ते फेटाळलं. मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर स्पेलिंगच्या चुकीसाठी त्याचं मत हिरावून घेता येणार नाही, असा निकालाचा रोख होता. हरकतीची सगळी मतं काढून टाकली तरी त्या सुमारे दोन हजारांनी पुढेच होत्या. ती धरली तर आघाडी दहा हजारांवर जाते. "स्पेलिंगच्या सवलतीमुळे जिंकल्या" हा दावा तिथेच संपतो. ३० डिसेंबरला निकालावर शिक्कामोर्तब झालं.

२०२२ ची पसंतीक्रमाची पद्धत नेमकी कशी चालते?

आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात मत दिलेल्यांना ती चटकन कळेल. तिथे जांभळ्या पेनने १, २, ३ लिहितात. अलास्कात प्रत्येक उमेदवारापुढे पसंतीचे लंबगोल असतात, त्यातला हवा तो काळा करायचा. बाकी तत्त्व तेच.

आधी ऑगस्टमध्ये सगळ्या पक्षांची मिळून एकच खुली प्रायमरी होते. त्यातले पहिले चार नोव्हेंबरला जातात, मग ते एकाच पक्षाचे असोत की चार पक्षांचे. नोव्हेंबरमध्ये कोणाला पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर प्रश्न मिटला. नाहीतर सगळ्यात मागचा उमेदवार बाद होतो, आणि त्याची मतं त्या-त्या मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीला जातात. पुढची पसंतीच दिली नसेल तर ती मतपत्रिका मोजणीतून बाहेर पडते.

२०२२ मध्ये आधी रिपब्लिकन बझ केली बाद झाले. त्यांनी शिबाकांना पाठिंबा देऊन प्रचार थांबवला होता, पण नाव मतपत्रिकेवर होतं. मग डेमोक्रॅट चेस्ब्रो बाद झाल्या आणि त्यांची बहुसंख्य मतं मर्काउस्कींकडे वळली. पहिल्या पसंतीत जेमतेम पाऊण टक्क्याची असलेली आघाडी सात टक्क्यांवर गेली. ट्रम्प आणि राज्यातला रिपब्लिकन पक्ष दोघेही शिबाकांच्या मागे होते. जुनी, फक्त पक्षाच्या मतपत्रिकेवरची प्रायमरी असती तर मर्काउस्कींचं जड गेलं असतं, असं आमचं मत. नवी पद्धत २०२० च्या जनमतातून आली होती. २०२४ मध्ये ती रद्द करण्याचा प्रस्ताव हजाराहून कमी मतांनी पडला.

पक्षाविरुद्ध इतक्यांदा मत देऊनही त्यांचं पद जात कसं नाही?

कारण अमेरिकेत पक्षांतरबंदी कायदा नाही. आपल्याकडे १९८५ पासून दहाव्या परिशिष्टाने व्हीप मोडणाऱ्या आमदार-खासदाराला अपात्र ठरवता येतं. महाराष्ट्रात २०२२ नंतर त्यावरून काय रामायण झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकी सिनेटमध्येही व्हीप असतो, पण तो मनधरणी करतो, सदस्यत्व घालवू शकत नाही. पक्षाच्या हातात समित्यांवरच्या जागा, प्रचाराचा पैसा आणि प्रायमरीत दुसरा उमेदवार उभा करणं एवढंच असतं. मार्च २०२१ मध्ये राज्य पक्षाने मर्काउस्कींचा ठराव करून निषेध केला, तो कागदावरच राहिला.

त्यांची वैचारिक जागा एका आकड्यात सांगता येते का?

येते, पण तो आकडा कशाचा आहे ते कळलं पाहिजे. अभ्यासक सर्वाधिक वापरतात तो डीडब्ल्यू-नॉमिनेट हा गुण. कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेंथाल यांनी बसवलेल्या या पद्धतीत उणे १ हे डावं टोक आणि अधिक १ हे उजवं टोक. मर्काउस्की ०.२ च्या आसपास आहेत. रिपब्लिकन सिनेटरांत त्यांच्याहून मध्याजवळ सहसा सुझन कॉलिन्सच सापडतात.

हा गुण कोण कोणाबरोबर मत देतं यावरून निघतो. विधेयकात काय लिहिलंय ते गणिताला माहीत नसतं. यातून तीन घोटाळे होतात. एक, जवळपास एकमताची मतदानं (विरोधी बाजू अडीच टक्क्यांहून लहान) त्यात धरलीच जात नाहीत. दोन, मतदानाला काय आणायचं ते बहुमतातल्या पक्षाचा नेता ठरवतो, त्यामुळे त्याला नको असलेले प्रश्न नोंदीत येतच नाहीत. तीन, दोन्ही टोकं वेगवेगळ्या कारणांनी एकाच बाजूला गेली तर मॉडेल गोंधळतं. रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल कर्ज वाढतं म्हणून विधेयकाला नकार देतात आणि डेमोक्रॅट गरिबांची मदत कापली म्हणून नकार देतात. यादीत दोघांपुढे "नाही" एवढंच दिसतं.

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत त्यांनी सत्तर टक्क्यांहून जास्त वेळा ट्रम्प यांच्या बाजूने मत दिलं. मग बंडखोरी कुठली?

अशा टक्केवारीत नेमणुकांचा भरणा असतो आणि प्रत्येक मताचं वजन सारखं धरलेलं असतं. एखाद्या उपसचिवाला दिलेला होकार आणि आरोग्य कायदा वाचवणारा नकार दोन्ही एकेकच. त्यांनी नकार कुठे दिला ते पाहिलं की चित्र बदलतं. शिक्षणमंत्री बेट्सी डिव्हॉस (फेब्रुवारी २०१७), पुढे ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत संरक्षणमंत्री पीट हेगसेथ (जानेवारी २०२५), एफबीआय संचालक काश पटेल (फेब्रुवारी २०२५), या तिघांनाही त्यांनी विरोध केला. पहिल्या दोघांसाठी उपाध्यक्षांना बरोबरी फोडावी लागली. उलट आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी आणि गुप्तचर विभागांच्या संचालक तुलसी गबार्ड यांच्या नेमणुकांना त्यांनी होकार दिला, हेही नोंदीत आहे.

ओबामांचा आरोग्य कायदा रद्द करायला त्यांचा विरोध होता की पाठिंबा?

तारीख सांगा, मग उत्तर देता येईल.

डिसेंबर २००९ मध्ये कायदा संमत होताना त्यांनी विरोधात मत दिलं. ३ डिसेंबर २०१५ रोजी तो रद्द करणारं विधेयक ५२–४७ ने संमत झालं, तेव्हा त्या बाजूने होत्या. रिपब्लिकनांपैकी फक्त कॉलिन्स आणि मार्क कर्क विरोधात गेले. ओबामा नकाराधिकार वापरणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी तो वापरला.

२६ जुलै २०१७ रोजी जवळपास त्याच साच्यातला प्रस्ताव आला, तेव्हा व्हाइट हाऊसमध्ये ट्रम्प होते आणि कायदा खरोखर रद्द झाला असता. या वेळी त्या विरोधात गेल्या. प्रस्ताव ४५–५५ ने पडला. दोन दिवसांनी, २८ जुलैच्या पहाटे, "स्किनी रिपील" नावाची छोटी आवृत्ती ४९–५१ ने पडली. कॉलिन्स, मर्काउस्की आणि मॅकेन हे ते तीन रिपब्लिकन. मॅकेन यांचा खाली वळलेला अंगठा सगळ्यांच्या लक्षात राहिला. मर्काउस्की मात्र २५ जुलैच्या पहिल्या मतदानापासून, म्हणजे चर्चा सुरू करण्याच्या ठरावापासूनच, विरोधात होत्या.

गोष्ट इथे संपत नाही. डिसेंबर २०१७ च्या करकपात कायद्याला त्यांनी होकार दिला. विमा न घेणाऱ्यांवरचा दंड त्यातच शून्यावर आणला होता, आणि आर्क्टिक अभयारण्याचा किनारपट्टीचा भाग तेल खोदाईला खुला करण्याची तरतूदही त्यातच होती. अलास्काच्या नेत्यांनी त्यासाठी कित्येक दशकं जोर लावला होता. सिनेटच्या ऊर्जा समितीच्या अध्यक्ष या नात्याने तो भाग मर्काउस्कींच्याच हातून गेला.

सर्वोच्च न्यायालयासाठी ब्रेट कॅव्हनॉ यांच्या नेमणुकीच्या वेळी "हजर" असं मत का दिलं?

५ ऑक्टोबर २०१८ रोजी क्लोचर, म्हणजे चर्चा थांबवून अंतिम मतदानाकडे जाण्याचा ठराव, ५१–४९ ने संमत झाला. त्यात त्यांनी "नाही" म्हटलं. रिपब्लिकनांपैकी त्या एकट्याच. दुसऱ्या दिवशी अंतिम मतदानाला मोंटानाचे स्टीव्ह डेन्स मुलीच्या लग्नामुळे हजर नव्हते आणि ते होकार देणार होते. मर्काउस्कींनी त्यांच्याशी जोडी लावली: डेन्स यांचा होकार आणि मर्काउस्कींचा नकार एकमेकांत वळता. म्हणून निकाल ५०–४८. दोघांनी मत दिलं असतं तर ५१–४९. फरक दोन्हीकडे दोनच मतांचा.

ॲमी कोनी बॅरेट यांच्या वेळी उलटं घडलं. निवडणूक तोंडावर असताना न्यायाधीश नेमू नये म्हणून २५ ऑक्टोबर २०२० च्या क्लोचरला नकार, आणि प्रश्न व्यक्तीचा आहे म्हणून दुसऱ्या दिवशी अंतिम मतदानात होकार. एकच मतदान पाहून लिहिलेल्या बातम्या दोन्ही वेळा अर्धवट ठरतात. एप्रिल २०२२ मध्ये केटांजी ब्राउन जॅक्सन यांना कॉलिन्स आणि रॉम्नी यांच्यासह त्यांनी होकार दिला. ओबामांनी नेमलेल्या सोटोमायोर आणि केगन यांना मात्र विरोध केला होता.

महाभियोगात?

२०२० मध्ये साक्षीदार बोलावायला विरोध आणि ट्रम्प "दोषी नाहीत". १३ फेब्रुवारी २०२१ रोजी "दोषी". तसं मत देणारे रिपब्लिकन सात. त्यांतल्या २०२२ मध्ये मतदारांना सामोऱ्या जाणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

प्रायमरी हरल्यावर त्यांची मतं बदलली का?

डिसेंबर २०१० पाहा. राईट-इनचा निकाल अजून कोर्टात असताना त्यांनी लष्करातल्या समलिंगींवरची बंदी उठवायला होकार दिला, रशियाबरोबरच्या न्यू स्टार्ट या अण्वस्त्र कराराला होकार दिला आणि ड्रीम ॲक्टच्या (लहानपणी बेकायदा आलेल्या स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा देणारं विधेयक) क्लोचरलाही होकार दिला. ड्रीम ॲक्टच्या मतदानात त्यांच्यासोबत दोनच रिपब्लिकन होते. पुढे २०१३ चं स्थलांतर विधेयक, २०२१ चा पायाभूत सुविधा कायदा आणि समलिंगी विवाहांना संरक्षण देणारा २०२२ चा विवाह कायदा, तिन्हींना होकार. पण २०१३ मध्ये बंदूक खरेदीआधीच्या तपासणीला नकार, आणि बायडन यांच्या २०२१ च्या करोना पॅकेजला व २०२२ च्या महागाईविषयक कायद्यालाही नकार. बंदुका आणि तेल या विषयांत अलास्का बोलतो.

२०२५ च्या मोठ्या कर-खर्च विधेयकाला होकार का दिला?

१ जुलै २०२५ रोजी कॉलिन्स, टिलिस आणि पॉल हे तीन रिपब्लिकन विरोधात गेले. मर्काउस्कींचा होकार आला म्हणून ५०–५० झालं आणि उपाध्यक्ष व्हान्स यांनी बरोबरी फोडली. त्यांच्या होकाराआधी विधेयकात काय शिरलं ते पाहण्यासारखं आहे: अन्नसाहाय्यात चुकांचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांना खर्चाचा वाटा उचलायला मुदतवाढ (अलास्का त्यात वर होतं), ग्रामीण रुग्णालयांचा निधी २५ वरून ५० अब्ज डॉलर, आणि परंपरागत व्हेल शिकारीच्या कप्तानांची करवजावट १०,००० वरून ५०,००० डॉलर. मत देऊन बाहेर आल्यावर प्रतिनिधीगृहाने यात सुधारणा करावी, असं त्या म्हणाल्या. प्रतिनिधीगृहाने ३ जुलैला ते जसंच्या तसं संमत केलं. इतका महत्त्वाचा होकार देऊन मग दुरुस्तीची आशा दुसऱ्या सभागृहावर टाकणं, हा त्यांच्या नोंदीतला सगळ्यात कच्चा दुवा आहे.

मतनोंद स्वतः कशी तपासावी?

सिनेटच्या अधिकृत संकेतस्थळावर मतदानांचा विभाग आहे. तिथे काँग्रेसचा क्रमांक आणि सत्र निवडावं लागतं. क्रमांक काढायला विषम वर्षातून १७८७ वजा करून दोनाने भागा: २०१७ साठी ११५. विषम वर्ष हे पहिलं सत्र, सम वर्ष दुसरं. मतदानांचे क्रमांक दर सत्राला १ पासून सुरू होतात, तेव्हा नुसता "मतदान १७९" लिहून ठेवलात तर पुढे सापडणार नाही.

मग मतदान कशावर होतं ते वाचा. बहुतेक चुका इथेच होतात. "स्किनी रिपील" (११५ वी काँग्रेस, पहिलं सत्र, क्रमांक १७९) हे दुरुस्तीवरचं मतदान आहे. विधेयक मंजुरीच्या यादीत शोधाल तर मिळणार नाही. कॅव्हनॉ यांचं क्लोचर २२२ आणि अंतिम मतदान २२३, दोन्ही उघडा. बहुमताचा नेता हरणाऱ्या ठरावावर मुद्दाम विरोधी मत देताना दिसला तर चकू नका: फेरविचाराची मागणी जिंकलेल्या बाजूलाच करता येते, म्हणून तो तिकडे उडी मारतो. आवाजी मतदानात किंवा एकमताच्या मंजुरीत नावनिशी नोंद नसतेच.

सगळी मतं एकत्र हवी असतील तर व्होटव्ह्यू या मतनोंदींच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवा. त्यात १ म्हणजे होकार, ६ म्हणजे नकार, ७ म्हणजे हजर, ९ म्हणजे मत दिलं नाही. ७ आणि ९ ला नकारात मोजलं की टक्केवारी बिघडते.

पुढची निवडणूक कधी?

नोव्हेंबर २०२८. तोवर खुली प्रायमरी आणि पसंतीक्रम टिकतो का, यावर लक्ष ठेवा. तो गेला, तर पुन्हा उभं राहायचं ठरवल्यास त्यांच्यापुढे २०१० सारखीच पक्षाची प्रायमरी असेल.